दोन जीपगाड्या आणि एक विहीर

संपादक म्हणाले, "मेस्त्री, गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे." गमतीजमती आहेत, नाही असं नाही. पण ज्याला फराळाबरोबर वाचायलाही गोडच लागतं, त्याने हे पान उलटावं आणि पुढची कविता वाचावी. माझी हयात गाड्यांखाली उताणं पडून गेली. वरून ऑइल ठिबकतं ते नेमकं तोंडात पडतं, आणि ती चव साबणाने जात नाही.

हल्ली मुंबईची पोरं येतात. वाळूत गाडी घालायची हौस. "काका, कुठली जीप घेऊ?" असं विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आधीच टायर, रंग, मागे लटकवायचा डबा यांच्यावर बोलू लागतात. मी त्यांना एकच विचारतो, "घरी गोडं पाणी किती आहे?" पोरं एकमेकांकडे बघून हसतात. म्हातारा चळला, असं त्यांना वाटतं. वाटू दे. आज तेवढ्याचसाठी लिहायला बसलोय.

लढाई संपली, पाठोपाठ गोरे गेले, आणि त्यांच्या गाड्या इथेच माळावर उभ्या राहिल्या. त्याला आम्ही डिस्पोजलचा माल म्हणायचो. मी लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात पाने-पकडी फिरवत होतो. सुटून आलो आणि अलिबागेत नारळाच्या झापांची शेड टाकली. तेव्हा आमच्या कुलाबा जिल्ह्यात रस्ते म्हणजे काय, तर बैलगाडीच्या चाकोऱ्या, भातखाचरांचे बांध, आणि ओहोटी लागली की समुद्राची ओली वाळू. गावोगावची माणसं किनाऱ्यानेच जायची-यायची. लॉरी तिथे रुतून बसायची, आणि बैलगाडी पोचेपर्यंत मासळी कुजायची. चारही चाकांनी ओढणारी जीप आली आणि लोकांना वाटलं, देवच पावला. मग जो तो माझ्याकडे, "मेस्त्री, गाडी निवडून द्या."

जीप निवडायची कशी ते सांगतो. इंजिनाकडे शेवटी बघायचं. इंजिन आजारी असेल तर बरं करता येतं, नवं बसवता येतं. आधी बघायची चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो. खाली शिरायचं आणि छोट्या हातोडीने ठोकत जायचं. 'टण्ण' वाजलं तर बरं. 'थप्प' वाजलं तर नमस्कार करून बाहेर यायचं, कारण आतून गंजाने खाल्लेलं असतं. मग गिअरचं ऑइल बोटावर घ्यायचं. दुधट दिसलं की समजायचं, गाडी पाण्यात बुडलेली आहे. एवढंच शास्त्र. बाकी सगळं डोळे उघडे ठेवायचं काम.

पण लोकांना शास्त्र नको असतं. माणगावचे एक भातगिरणीवाले शेट होते. त्यांना माळावर घेऊन गेलो, तर ते एका नव्या रंगवलेल्या जीपपुढे उभेच राहिले. मी म्हटलं, "शेट, ही नको, हिची चासी वाकलेली आहे." ते म्हणाले, "अरे भाई, केवी मस्त दिसते बग! लगनात नवरदेव बसेल." घेतली. ती गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी चालली. सरळ जायचं तर स्टिअरिंग डावीकडे दाबून धरावं लागायचं. शेट गावात म्हणायचे, मेस्त्रीने फसवलं. नाचता येईना अंगण वाकडं! मी कपाळाला हात लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे अण्णासाहेब. अलिबाग ते किहीम या पट्ट्यातले मोठे बागाइतदार. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत रहाटाची विहीर, ओटीवर झोपाळा, बोलणं मऊ. मासळीला हात लावत नसत, पण त्यांच्या शेजारच्या कोळीवाड्याची मासळी किनाऱ्यावरून उचलणारी लॉरी त्यांचीच होती. कोळीवाड्याचं नाव मी सांगत नाही. अजून माणसं आहेत तिथे.

अण्णासाहेबांना वाडीच्या कामासाठी आणि मिरवायला जीप हवी होती. ते माझ्या शेडमध्ये येऊन हे बोलत असताना त्याच कोळीवाड्यातली चांगुणा टोपली उतरवून दाराशी बसली होती. ठेंगणी, काळीसावळी, आवाज असा की भरतीच्या गाजेतही ऐकू यावा. दर्यावर जायचं पुरुषांनी आणि मासळी विकायची बायकांनी ही कोळ्यांची रीत, त्यामुळे व्यवहार तिच्याच हातात. नवरा धर्मा होडीवर. अण्णासाहेब गेले आणि ती म्हणाली, "मेस्तरी, मना पन एक गाडी बग."

"तुला? कशाला?"

"कशाला म्हंजे? लॉरीवाला ठरवील त्या भावानं मासली द्यायची, न्हायतर वाळत घालायची. ताजी मासली पोयनाडला, रामराजला, रोह्याला मी नेली तर? रस्ते वायट हायेत. तूच बोलतस, ही गाडी वायट रस्त्यावं चालतं."

मी हसलो. ती नाही हसली. अंगावरचं सोनं मोडून ती माळावरच्या लिलावाला आमच्याबरोबर आली. अण्णासाहेबांना ते रुचलं नाही, पण चारचौघांत बोलता येईना. माळावर शेवटच्या रांगेत दोन जीपा शेजारीशेजारी उभ्या होत्या. एकाच खेपेच्या, दोन्ही 'टण्ण' वाजणाऱ्या. सगळ्या माळावर तेवढ्याच दोन धडक्या गाड्या होत्या. अण्णासाहेबांनी ऐटीत पहिली पसंत केली. चांगुणाने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि सरळ दुसरीच्या खाली शिरली. लिलाववाले बघत राहिले. आतून तिचा आवाज, "होडी घेताना आमी खालूनच बगतो. वरून सगल्याच होड्या बऱ्या दिसतान." तळहाताने सगळी चासी चाचपून ती बाहेर आली आणि म्हणाली, "बरी हाय." मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आपल्या धंद्यातलं कुणाला असं मनापासून कळलेलं मी फारसं बघितलं नाही.

गाडी कोळीवाड्यात गेली त्या दिवशी मला जेवायला बोलावणं होतं. चांगुणाचा दीर राघो मुंबईत गोदीवर लॉरी चालवून आलेला, तो चालक. हळदकुंकू झालं, नारळ फुटले, पुढच्या पत्र्यावर होडीवर काढतात तसं नाव काढलं. पापलेटाचं कालवण असं झालं होतं की काय सांगू. मी हात धुऊन बाहेर येतो तर काय, जीप समुद्रात! अर्धी चाकं पाण्यात, आणि सगळा वाडा तिला लाटांचं पाणी मारून आंघोळ घालतोय. नवी होडी अशीच न्हाऊ घालतात म्हणे. मी ताट-पाट, मानपान सगळं विसरून ओरडलो, "अगो चांगुणा, काय केलंस हे! मारलीस तिला!"

मग मी तिथेच वाळूत बसून त्यांना समजावलं. लाकडाला खारं पाणी मानवतं, लोखंडाचं ते विष आहे. चासी आतून पोकळ असते. खारं पाणी, वाळू, टोपल्यांतून ठिबकणारं मासळीचं पाणी, सगळं आत जाऊन बसतं, आणि लोखंड आतून खाल्लं जातं. बाहेरून रंग तसाच चकचकीत. उपाय एकच, रोज संध्याकाळी खालून, आतून गोड्या पाण्याने धुवायची. चांगल्या पाच-सहा हंड्यांनी.

"गोड्या पान्यानं?" चांगुणाने विचारलं. "रोज?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा मला ठाऊक नव्हतं ते आता सांगतो. कोळीवाड्यातल्या विहिरी मचूळ. प्यायचं पाणी अण्णासाहेबांच्या वाडीतल्या विहिरीवरून यायचं. त्याचा एक जुना रिवाज होता. कोळ्यांनी मासळी कुटून केलेलं खत नारळांना द्यायचं आणि वाडीचं पाणी कोळीवाड्याने प्यायचं. अण्णासाहेबांच्या आजोबांपासूनचा. कुणी कधी लिहून घेतला नव्हता. उन्हाळ्यात विहीर खाली जायची, तेव्हा जमातीनेच म्हणजे कोळ्यांच्या पंचायतीनेच ठरवलेलं होतं की घरटी रोज चार हंडे, त्याच्यावर नाही.

मला वाटलं, संपलं. पण चांगुणाने वाट काढली. तिच्या घराचे गोडे हंडे गाडीला, आणि घरातली माणसं मचूळ पाणी पिऊ लागली. शेजारणींकडून एखादा हंडा मागून घ्यायची, त्याच्या बदल्यात त्यांच्या टोपल्या गाडीत फुकट. मी एकदा गेलो तर धर्माने मला लोटीभर पाणी दिलं. तोंडात घेतलं आणि थुंकलो. तो म्हणाला, "काय करणार मेस्तरी? घरात लाडकी पोर झाली हाय. गोडं तिला, खारं आमाला." हसत म्हणाला, पण खोटं नव्हतं.

आणि गाडी काय चालली म्हणता! पहाटे होड्या लागल्या की टोपल्या जीपमध्ये आणि मागच्या ट्रॉलीत. ओहोटी असेल तर किनाऱ्याने, नाही तर आतल्या चाकोरीने. रामराजच्या बाजारात लोकांनी तोवर ताजा बांगडा पाहिलेला नव्हता, सुकटच ठाऊक. चांगुणाचा नियम होता, वाड्यातली कुठलीही बाई टोपली घेऊन उभी दिसली की तिला बसवायची, भांडण असलं तरी. पहिल्यांदा त्या बायकांनी आपल्या मासळीचा भाव आपण सांगितला. त्यांच्या चालण्याबोलण्यात फरक पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. अण्णासाहेबांची लॉरी मात्र किनाऱ्यावर रिकामी उभी राहू लागली.

हे असं चालू द्यायला अण्णासाहेब काय खुळे होते? पण ते आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. चैत्र सरत आला होता. मी त्यांच्या जीपचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बघायला वाडीवर गेलो होतो. चांगुणा आणि आणखी चार बायका हंडे घेऊन आल्या. अण्णासाहेबांनी झोपाळा थांबवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "चांगुणाबाई, पाणी पिण्यासाठी दिलंय. मोटारी धुण्यासाठी नाही."

ती म्हणाली, "माझ्या घरच्या वाट्याचंच हाय. आमी पीत न्हाय, तिला घालतो."

"म्हणजे तहान नाहीच तुम्हाला. मग पाण्याची गरज काय?"

ऐका आता. हे बोलणं चाललं होतं तेव्हा अंगणात त्यांचा गडी त्यांची जीप धूत होता. रहाट फिरत होता, पन्हळीतून पाणी धो धो चाकांवर पडत होतं, आणि वाहून पोफळींकडे जात होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णासाहेब, आपलीही गाडीच धुतली जातेय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू माझ्या हातातली पकड बोलली. म्हणाले, "मेस्त्री, माझ्या विहिरीचं पाणी मी गाडीवर ओतीन, नाही तर गटारात सोडीन. तुम्ही पाटे बघा."

आठवड्यात वाडीच्या वाटेवर फाटक लागलं, फाटकाला कुलूप. कोळीवाड्यासाठी ते फक्त पहाटे उघडायचं, थोडाच वेळ. आणि ती वेळ नेमकी होड्या किनाऱ्याला लागायची! म्हणजे बाईने एक तर मासळी उचलावी, नाही तर पाणी. दोन्ही नाही. बळी तो कान पिळी, दुसरं काय! खत मात्र कोळ्यांनी आणून टाकायचंच होतं.

जमात बसली. मी तिथे नव्हतो, राघोने सांगितलं. चांगुणा उभी राहून म्हणाली, "मी कुनाचं चोरलं न्हाय. माझ्या वाट्याचं पानी मी वापरलं." जमातीचे पाटील म्हातारे होते, वाईट नव्हते. ते म्हणाले, "तुझ्या वाट्याचं व्हय बाय. पन फाटक सगल्यांना लागलं." बायका तिच्यावर तुटून पडल्या. ज्या तिच्या गाडीत बसून बाजाराला जायच्या त्याच. "तुझ्या गाडीपायी आमची पोरं तहानली!" ठराव झाला, गाडीला गोडं पाणी घालायचं नाही. म्हणजे वाडीचा मालक फाटक उघडील. चांगुणाने मान खाली घातली आणि कबूल केलं. तिने शब्द पाळला. फाटक मात्र जागचं हललं नाही.

आता गाडीचं काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो, कारण मी ते ऐकत होतो. हो, ऐकत होतो. महिन्यातून एकदा ती जीप माझ्याकडे यायची आणि मी खाली शिरून हातोडीने ठोकायचो. आधी 'टण्ण'. मग मागच्या बाजूला जरा बसका आवाज. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल कोळी होड्यांना लावतात, ते मी बाहेरून चोपडलं. वास असा की गिऱ्हाइकं पळायची. बाहेरून त्याने उपयोग झाला, पण आतल्या पोकळीत हात कुणाचा पोचतो? पावसाळ्यात पागोळ्यांखाली उभी करून आतून धुवायचो तेवढाच तिचा सुकाळ. बाकी आठ महिने मीठ आपलं काम करत होतं. एकदा आवाज 'थप्प' आला. मी बाहेर येऊन चांगुणाला म्हटलं, "आता किनाऱ्याने नेऊ नका, भार कमी करा." ती म्हणाली, "भार कमी केला तर बायकांना लॉरीवाल्याच्या दारात उभं करू काय? तूच सांग मेस्तरी." ज्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या त्यांच्याविषयी बोलत होती ती.

त्या दिवशी मी त्यांच्याच गाडीतून कोळीवाड्याला चाललो होतो, धर्माच्या होडीचं इंजिन बसवायचा विषय होता. दुपार उतरली होती. बाजारातून परतलेल्या बायका मागे, रिकाम्या टोपल्या, बर्फ ठेवायचा लाकडाचा भुसा, मिठाच्या गोणी. ओहोटी संपत आलेली, पण अजून वेळ होता. एक ओहोळ समुद्राला मिळतो तिथे वाळू मऊ असते. राघोने गाडी नेहमीसारखी घातली, मागची चाकं बसली, आणि खालून कुठेतरी लाकूड मोडावं तसा आवाज झाला. आम्ही सगळे उतरलो. मी वाकून पाहिलं. मधोमध, बैठकीच्या मागे, चासीला चीर गेली होती. अजून धरून होती, पण जेमतेम.

समोर पाणी वळलं. भरती लागली.

एक बाई पळत वाड्यात गेली, आणि मग जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळा कोळीवाडा आला. पाटील आले, म्हाताऱ्या आल्या, चांगुणाशी न बोलणाऱ्या बायका काष्टे खोचून आल्या. होडी अडकली की सगळ्यांनी खांदा द्यायचा, तेव्हा भांडण आठवायचं नाही, ही त्यांची रीत. कुणी सांगावं लागलं नाही. होडीचा जाड दोर आला, पुढच्या हुकाला बांधला गेला, आणि माणसं दोराला लागली.

मी बोंबलत होतो, "ओढू नका! आधी चाकं उकरा! खाली फळ्या घाला! झटका नको!" पण त्यांना एकच ओढणं ठाऊक. एक आवाज, एक झटका, सगळ्यांचा जोर एकदम. होडी तशीच निघते. पिढ्यान् पिढ्या तशीच निघत आली आहे. त्यात पाणी गुडघ्याला लागलेलं. माझा आवाज त्या 'हैया हो'मध्ये कुठल्या कुठे गेला.

आणि निघाली की! पहिल्याच झटक्याला निघाली. सगळी माणसं पाठीवर पडली, आणि क्षणभर हसलीसुद्धा, आली आली म्हणून. मग उठून बघतात तर दोराच्या टोकाला अर्धी जीप. इंजिन, पुढची चाकं, नाव काढलेला पत्रा. मागचा अर्धा भाग टोपल्यांसकट तिथेच वाळूत, आणि त्याच्यावरून लाट गेली.

मायेने ओढून मोडली होती त्यांनी ती. मी रडलो, सांगायला लाज कसली. गाडीसाठी रडलो, आणि त्या माणसांची तोंडं बघवेनात म्हणूनही. चांगुणा नाही रडली. कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि तरंगणाऱ्या टोपल्या गोळा करू लागली, कुणाकुणाच्या त्या ओळखून हाका मारून परत देऊ लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णासाहेबांची लॉरी किनाऱ्यावर वेळेवर उभी होती. भाव लॉरीवाल्याचा.

पुढचा अर्धा भाग भंगारवाल्याने नेला. दोन-चार महिन्यांनी अण्णासाहेबांच्या जीपचा गिअरबॉक्स ओरडू लागला, तर त्यांनी गोणपाटात बांधलेला एक गिअरबॉक्स माझ्या शेडमध्ये पाठवला. उघडून बघतो तर त्याच्यावर माझीच पंचाची खूण, हात लावलेल्या प्रत्येक भागावर मी ठोकतो ती. चांगुणाच्या गाडीचा. मी बसवला. पोटासाठी माणूस काय काय बसवतो! छान बसला, एकाच खेपेच्या गाड्या ना त्या.

आणखी काही वर्षं गेली. साठ साल उलटलं होतं. दसऱ्याला तालुक्यातल्या मोटारवाल्यांचा मेळावा भरला. जुनी आणि उत्तम ठेवलेली गाडी म्हणून अण्णासाहेबांच्या जीपला झेंडूचा हार. खरोखर, काल माळावरून आणल्यासारखी दिसत होती. अण्णासाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "एकाच दिवशी, एकाच जागेवरून दोन गाड्या या भागात आल्या. एक आपल्यासमोर उभी आहे. दुसरी कुठे आहे? अहो, यंत्र विकत घेता येतं. ते ठेवण्याचे संस्कार विकत मिळत नाहीत." टाळ्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग म्हणाले, दोन्ही गाड्या ज्यांनी निवडल्या ते मेस्त्री इथे आहेत, त्यांचाही सत्कार करू.

मी वर गेलो. खांद्यावर शाल, हातात नारळ. अंगाची लाही लाही होत होती. मी ध्वनिक्षेपकाशी गेलो आणि म्हटलं, "गाड्या दोन्ही सारख्या होत्या. माणसं म्हणाल तर दुसऱ्या गाडीवाल्यांनी तिच्यासाठी स्वतः खारं पाणी प्यायलं. फरक संस्काराचा नाही, विहिरीचा होता. विहिरीला फाटक कुणी लावलं ते अण्णासाहेबांना विचारा. आणि ज्या गाडीला आपण हार घातलात तिच्यात गिअरबॉक्स त्या मेलेल्या गाडीचा आहे."

मग अण्णासाहेबच मोठ्याने हसले. "आमचे मेस्त्री फार विनोदी!" म्हणाले. आणि सगळी सभा हसली. टाळ्या मला अण्णासाहेबांपेक्षा जास्त पडल्या. उतरताना दोघातिघांनी हात मिळवला, "काय कोपरखळी मारलीत, वा!" आयुष्यात एकदाच खरं बोललो होतो व्यासपीठावरून, त्याची लोकांनी कोपरखळी केली. ती शाल काढून मी काखोटीला मारली.

तसाच तडक निघालो तो कोळीवाड्यात. का गेलो? कुणाला तरी सांगायचं होतं, की मी गप्प बसलो नाही. चांगुणा दारात बोंबील निवडत होती. केस पांढरे झालेले, आवाज तोच. शेजारच्या दोन बायका हंडे घेऊन चालल्या होत्या, तिच्याकडे न बघता. तिने मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संस्कार काय, विहीर काय, गिअरबॉक्स काय. "सगळ्या तालुक्यासमोर बोललो, चांगुणा. त्यांच्या तोंडावर."

ती ऐकत होती. हात थांबले नव्हते. माझं संपल्यावर तिने वर पाहिलं.

"तू बोललास?"

"बोललो."

"लोकांनी ऐकला?"

"टाळ्या वाजवल्या."

"मंग," ती म्हणाली, "फाटक काडलं?"

तिने पुढ्यातले बोंबील पानात बांधले, माझ्या हातात दिले, आणि म्हणाली, "ने घरी. खराब होतील."